टिकली लागलेलं चित्र

माझी बायको नलिनी वांगी घेताना प्रत्येक वांगं दोनदा फिरवून बघते आणि तिसऱ्यांदा भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघते. मी स्वतः कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होतो. म्हणजे मी आयुष्यभर पगार घेऊन संशय घेतला. ही बिनपगारी घेते आणि माझ्यापेक्षा चोख घेते. मी लवकर घरी आलो की "आज लवकर कसे?" आणि उशिरा आलो की "आज उशीर का?" हे दोन्ही प्रश्न एकाच सुरात येतात. मला त्याची सवय झाली आहे. बाहेरच्या माणसाला कशी होणार?

नलिनी चित्रकार आहे. हे वाक्य मी नेहमी आधी सांगतो, कारण लोक तिला गॅलरीवाली म्हणून ओळखतात आणि ते तिला फार लागतं. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तिचे वडील कारखान्यात फिटर म्हणून. ती पिपलानीत, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढली, नंतर शाळेत चित्रकला शिकवली, आणि स्वतःची चित्रं सुट्टीत काढत राहिली. मी निवृत्त झालो त्या सुमारास सोनागिरीतल्या आमच्या घराचा खालचा भाडेकरू जागा सोडून गेला. तेव्हा तिच्या डोक्यात आलं, खाली गॅलरी काढायची. सकाळी वरच्या खोलीत आपलं चित्र, संध्याकाळी खाली लोकांची चित्रं. दोन्ही होईल, असं ती म्हणाली. मी भिंती रंगवून दिल्या, दिवे बसवून दिले. नाव ठेवलं 'ओसरी'.

दोन्ही होत नाही हे पहिल्याच वर्षी कळलं. चित्रकार नावाची जमात फोन करते ती सकाळीच. एकाला आपलं चित्र दाराजवळ नको असतं, दुसऱ्याला दाराजवळच हवं असतं, तिसऱ्याला शेजारच्याचं चित्र आपल्यापेक्षा मोठं लागलंय असं वाटत असतं. फ्रेमवाला बुधवार सांगतो आणि शनिवारी उगवतो. उद्घाटनाला समोसे कमी पडले तर चित्रकार रुसतो, जास्त झाले तर ते मला आठवडाभर खावे लागतात. नलिनी सकाळी ब्रश घेऊन वर जायची आणि चहा निवायच्या आत खाली यायची. पुढे पुढे ती जाईनाशीच झाली. तिच्या ईझलवर मी ओला टॉवेल वाळत टाकायला लागलो, आणि ज्या दिवशी ती त्याबद्दल काही बोललीच नाही, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

मग तिने मदतीला एक माणूस ठेवला. आशय त्याचं नाव. गोड बोलायचा. वर्षभरात सगळ्या चित्रकारांचे नंबर आणि निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेला, आणि त्याने दुसरीकडे स्वतःची गॅलरी थाटली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमची नलिनी त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

केतकी आली ती या काळात. पस्तिशीची, अशोका गार्डनमध्ये आईबरोबर राहणारी, बडोद्याला कलेचा इतिहास शिकून आलेली. तिचे वडीलही आमच्याच कारखान्यात होते. कमी बोलायची, आणि बोलली की अर्धं हिंदीत. नलिनीला ताई म्हणायची आणि मला काका. या हिशेबाने मी माझ्या बायकोचा कोण लागतो, असं मी एकदा विचारलं, तर दोघीही हसल्या नाहीत.

आता टिकलीचं सांगायला हवं. गॅलरीत चित्र विकलं गेलं की त्याच्या नावाच्या पट्टीशेजारी एक लाल गोल चिकटवतात. आम्ही त्याला टिकलीच म्हणतो. टिकली दिसली की दुसऱ्या गिऱ्हाइकाने त्या चित्राचा नाद सोडायचा. ही सगळीकडचीच रीत आहे. नलिनीने तिच्यात स्वतःची भर घातली होती. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी, लोक यायच्या आधी, ती दोन चित्रांना खोट्या टिकल्या लावायची. कोऱ्या भिंतीवर पहिलं चित्र घ्यायला माणूस बिचकतो. दोन टिकल्या दिसल्या की त्याला धीर येतो. आणि त्या लावायच्या सगळ्यांत पडेल चित्रांना, कारण ती तशीही कोणी मागणार नसतं. शेवटच्या दिवशी चित्रकाराला सांगायचं, गिऱ्हाईक फिरलं हो. तेवढे दिवस तो बिचारा हवेत असायचा.

मी म्हणालो, "कारखान्यात असं केलं असतं तर मला चार्जशीट मिळालं असतं."

"कारखान्यात मोटारींना वाईट वाटत नाही," ती म्हणाली. "चित्रकाराला वाटतं."

ही गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती. केतकीला ती पसंत नव्हती, तरी ती टिकल्या लावायची. कुठली दोन चित्रं पडेल, यावर दोघींचं नेहमी एकमत व्हायचं. नलिनीचा तिच्यावर जो काही थोडा विश्वास बसला, तो मला वाटतं या एकमतामुळेच.

केतकी रुळल्यावर एक दिवस तीच म्हणाली, "ताई, सुबह का सगळं मी बघते ना. तुम्ही वर जा, पेंटिंग करा. जेवण करूनच खाली या."

त्या दिवशी जेवताना नलिनी मला म्हणाली, "हिचं काय अडलंय माझ्या पेंटिंगवाचून?"

"तुझं चित्र व्हावं म्हणून म्हणत असेल."

"आशयही हेच म्हणायचा."

ती वर जायला लागली, पण एकटी नाही. खाली आम्ही कॅमेरा बसवला आहे, तो मोबाईलवर दिसतो. ईझलच्या फळीवर, रंगाच्या ट्यूबांशेजारी, मोबाईल उभा केलेला. एक डोळा कॅनव्हासवर, एक खालच्या केतकीवर. मी चहा घेऊन गेलो की विचारायची, "ती आत्ता कोणाशी बोलत होती?"

"कुरिअरवाल्याशी."

"इतका वेळ?"

एका सकाळी केतकी फोनवर हसताना दिसली. नलिनी तशीच, टर्पेंटाइनच्या वासासकट, पाणी प्यायला म्हणून खाली गेली. पाण्याचा फिल्टर आमच्याकडे वर आहे. केतकीने तिच्याकडे बघितलं, फोन पुढे केला आणि म्हणाली, "ताई, नागपूरची मावशी आहे. बोलता?" नलिनी पाणी न पिताच वर आली आणि दिवसभर माझ्यावर चिडलेली राहिली.

त्या दिवसांत कॅनव्हासवर जे होत होतं ते बघवत नव्हतं. शेवटी तिचं तिलाच कळलं. तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "हा तुम्ही ठेवा. मी मागितला तरी देऊ नका." तिने मागितला. मी दिला नाही. खूप बोलणी खाल्ली. पण त्या हिवाळ्यात तिचं स्कूटरचं चित्र झालं.

क्वार्टरच्या दाराशी उभी असलेली एक स्कूटर, आणि तिच्यावर झाकलेली जुनी निळी चादर. चित्रात बाकी काही नाही. माझ्या सासऱ्यांची स्कूटर अशीच असायची. पिपलानीत तेव्हा दारोदारी अशी एक चादर उभी असायची. स्कूटर दिसतच नाही; हँडल कुठे, आरसा कुठे, ते फक्त चादरीच्या उंचवट्यांवरून कळतं. एका कोपऱ्याला सासूबाईंनी लावलेलं ठिगळ. मला चित्रातलं कळत नाही, हे मी सरळ सांगतो. पण ते चित्र पाहिलं आणि मला सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. मी नलिनीला तसं म्हणालो.

"तुम्हाला माझं सगळंच आवडतं," ती म्हणाली.

हे खरं नव्हतं. तिने आजवर काढलेले भोपाळचे सगळे तलाव मला सारखेच वाटले होते. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

केतकीने ते चित्र पाहिलं तेव्हा ती बराच वेळ दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, मार्चमध्ये तुमचा शो लावू या. सोलो." आणि खाली निघून गेली.

"चांगलं आहे असं म्हणाली नाही, बघितलंत?" नलिनी म्हणाली.

"अगं, शो लावते म्हणतेय!"

"शो काय, पाडायलाही लावतात. माझा शो पडला की मी पुन्हा ब्रश धरणार नाही, हे तिला माहीत आहे. मग मी चहापाणी बघणार आणि सगळीकडे नाव तिचं होणार." दुसऱ्या दिवशी तिने उलटी बाजू मांडली. "आणि शो चालला तर मी वर बसणार, खालची गॅलरी आपोआप तिची. दोन्हीकडून फायदा तिचाच आहे." या पेचातून मला वाट दिसेना. इन्स्पेक्शनमध्ये एक बरं असतं, माप घेतलं की वाद संपतो.

पण एका रविवारी दुपारी, मी पेपर वाचत असताना, ती समोर येऊन बसली. "अहो, मी ठरवलंय. मी चित्रकार आहे की नाही, ते या शोमध्ये मला कळू दे. असले, तर गॅलरी केतकीला देऊन टाकायची, तिच्या नावावर, आणि मी कायमची वर. नसले, तर ईझल विकायचं आणि गुमान खाली बसायचं. हे अर्धं अर्धं आता माझ्याच्याने होत नाही." ती रडत नव्हती, पण रडून उठल्यावर आवाज होतो तसा तिचा आवाज होता. मी पेपर घडी करून ठेवला.

"हे केतकीला सांग ना," मी म्हणालो.

"शो संपल्यावर. आधी सांगितलं तर ती खरं बोलणार नाही."

उद्घाटनाच्या सकाळी चित्रं भिंतीवर लागली. स्कूटरचं चित्र मधल्या भिंतीवर होतं. नलिनी केतकीला म्हणाली, "टिकल्या लावून टाक, नेहमीसारख्या. कुठल्या दोन, ते तू ठरव. मला सांगू नकोस."

"ताई, तुमच्या शोला नको ना."

"का? मी काय आभाळातून पडले? रीत म्हणजे रीत."

केतकीने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मी तिथल्या तिथे बघून घ्यायला हवं होतं. जन्मभर तेच तर काम केलं.

संध्याकाळी लोक आले. कारखान्यातले माझे जुने सोबती आले, तिच्या शाळेतल्या बाया आल्या, महाराष्ट्र मंडळातले आले. समोसे बरोबर पुरले. कोणीतरी नलिनीच्या हातात गुच्छ दिला, आणि तो घेता घेता तिने भिंतींवरून नजर फिरवली. टिकली एकच होती. स्कूटरच्या चित्राला.

मी तिच्या शेजारीच होतो. ती सगळ्यांशी हसत होती, बोलत होती, आणि हातातल्या फुलांचे देठ एकेक करून मोडत होती. लोक पांगल्यावर तिने मला जिन्याखाली ओढलं.

"तुम्ही घेतलंत?"

"मी कशाला घेऊ? माझ्या घरातच तर आहे ते."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ."

"माझी नको. गजानन महाराजांची घ्या."

मी घेतली. महाराजांची खोटी शपथ मी घेणार नाही, एवढा तिचा माझ्यावर विश्वास आहे.

"म्हणजे खोटीच आहे," ती म्हणाली. "सगळ्यांत पडेल चित्र ते. आणि मला वाटत होतं, तेवढं एक तरी जमलं."

"अगं, नेहमी दोन असतात. ही एकच आहे."

"दुसरी लावायला हात धजला नसेल. कीव आली असेल."

"मग सरळ विचार ना तिला."

"काय विचारू? 'विकलं' म्हणाली, तर मला बरं वाटावं म्हणून म्हणेल. 'खोटी आहे' म्हणाली, तर..." तिने आणखी एक देठ मोडला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांना खोट्या टिकल्या लावल्यावर, स्वतःच्या चित्रावरची टिकली तिला खरी दिसणार कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच केतकीला गाठलं. "स्कूटरचं चित्र कोणी घेतलं गं?"

तिचे कान लाल झाले. "काका, शो खतम झाल्यावर सांगते. ताईंना आत्ता प्लीज काही बोलू नका." आणि ती पट्ट्या सरळ करायला लागली. त्या आधीच सरळ होत्या.

कान लाल, नजर खाली, गिऱ्हाइकाचं नाव नाही. मीही मनात शिक्का मारून टाकला. खोटी. नलिनीला मी काही बोललो नाही, पण जेवताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ताटावरून उठली. इतक्या वर्षांनी माझा चेहरा तिला वाचता येतो, हे मी विसरलो होतो.

त्यानंतर ती वर गेलीच नाही. दिवसभर खाली, केतकीच्या मागे मागे. केतकी कोणाला स्कूटरपाशी थांबू देत नव्हती हे खरं होतं. कोणी विचारलं की "वो बिक गयी है" म्हणून त्याला पुढच्या चित्राकडे न्यायची. प्रत्येक वेळी नलिनी माझ्याकडे बघायची, बघितलंत? एकदा गॅलरीत कोणी नसताना केतकीने ते चित्र खाली उतरवलं, मागची दोरी ओढून बघितली, ओढणीने फ्रेमची कड पुसली आणि पुन्हा हळूच टांगलं.

"लोकांपासून लपवतेय," नलिनी माझ्या कानात म्हणाली. मलाही तसंच वाटलं. संशय हा सर्दीसारखा असतो, एका घरात दोघांना व्हायला वेळ लागत नाही.

मग तो दिवस आला. केतकी दुपारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, संध्याकाळी येते म्हणून सांगून. मी आणि नलिनी खाली बसलो होतो. रवींद्र नावाचे एक इंटिरियर डेकोरेटर आले. त्यांना दातांच्या एका दवाखान्यासाठी निळं काहीतरी हवं होतं, कारण तिथल्या खुर्च्या निळ्या होत्या. भिंतीभिंतीवरून फिरत ते स्कूटरपाशी येऊन थांबले.

"मैडम, ये एकदम परफेक्ट है. पर इस पे तो लाल बिंदी लगी है."

नलिनी उठली. तिचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. "ये? ये तो गलती से लग गयी है," असं म्हणून तिने नखाने टिकली खरवडून काढली. थोडा कागद पट्टीला चिकटून राहिला, तोही काढला.

रवींद्रजींनी खिशातून टेप काढून चित्राची रुंदी मोजली. उंची मोजली नाही. "ऊपर एसी आता है, पर चल जाएगा. फ्रेम हम बदल देंगे." मग दोन पावलं मागे जाऊन मान तिरपी करून बघितलं. "पहाड़ बहुत अच्छा बनाया है आपने."

मी नलिनीकडे बघितलं. तिने क्षणभर ओठ मिटले. मग म्हणाली, "जी."

शो संपेपर्यंत चित्र भिंतीवरून हलवायचं नाही, हा आमच्या गॅलरीचा नियम आहे, आणि तो नलिनीनेच केला आहे. "आत्ताच घेऊन जा," ती त्यांना म्हणाली.

"अगं, केतकीला तर येऊ दे," मी म्हणालो.

"तिला रिकामी भिंतच दिसू दे."

मी चित्र गुंडाळून दिलं. गाडीपर्यंत मीच धरून नेलं. त्यांनी ते मागच्या सीटवर आडवं टाकलं आणि वर टाइल्सच्या नमुन्यांची पिशवी ठेवली. खरी स्कूटर भंगारवाल्याकडे गेली, तेव्हाही तिला फाटकापर्यंत सोडायला मीच गेलो होतो. तेव्हा मला एवढं वाटलं नव्हतं.

केतकी आली ती घामाघूम होऊन. पर्स टेबलावर ठेवली आणि समोर बघितलं.

"चित्र कुठे गेलं?"

नलिनी मुद्दाम एक जुनं मासिक चाळत बसली होती. तिने पान उलटलं. "विकलं. तू पडेल म्हणून ज्याला टिकली लावलीस ना, तेच. शोमधलं पहिलं तेच गेलं."

"कोणाला दिलं?"

"आहेत एक. दवाखान्यात लावणार आहेत."

केतकी स्टुलावर बसली. भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिली. "ते मी घेतलं होतं, ताई," ती म्हणाली.

"काय घेतलं होतंस?"

"चित्र. माझ्यासाठी. घरी लावायला." हिंदीचा एक शब्द न घालता ती बोलत होती, आणि म्हणून मला भीती वाटली. "खोट्या टिकल्या मी लावल्याच नाहीत. तुमच्या शोला नको, असं म्हणाले होते मी. ती एकच होती आणि ती खरी होती."

नलिनीच्या हातातलं मासिक मांडीवर पडलं. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर काय म्हणाला असतात?"

उत्तर तिघांनाही माहीत होतं. कीव करते. मस्का लावते. गॅलरीवर डोळा आहे हिचा.

"शो संपला की रीतसर पावती करून तुमच्या हातात ठेवणार होते," केतकी म्हणाली. "कागद दिसला की तुमचा विश्वास बसतो, म्हणून. इथे आल्यापासून किती चित्रं लावली आपण या भिंतींवर, ताई. मला घरी न्यावंसं वाटलेलं ते एकच."

नलिनीने फोन उचलला. नंबर दोनदा चुकला, शेवटी मी लावून दिला. रवींद्रजी खुशीत होते. चित्र आत्ताच भिंतीला लावून बघितलं, डॉक्टरसाहेबांना फार आवडलं, पहाड बघून पेशंटला थंडावा वाटेल म्हणाले. नलिनीने सांगितलं, चूक झाली, चित्र आधीच विकलेलं होतं. त्याच्या बदल्यात कुठलीही दोन चित्रं घ्या, असं सांगितलं. तिकडून प्रश्न आला, "दूसरा कोई ब्लू है?" दुसरं निळं नव्हतं. "तो फिर रहने दीजिए मैडम," ते म्हणाले, "अब तो फ्रेम भी खोल दी."

नलिनी फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. केतकीने तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. एवढं होऊनही तिनेच दिला.

राहिलेले दिवस केतकीने शो नेहमीसारखाच सांभाळला. आणखी काही चित्रं गेली, त्यांना तिने टिकल्या लावल्या. शेवटच्या दिवशी सगळी चित्रं उतरवून, खिळे काढून, भोकं बुजवून झाल्यावर तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. इंदूरची एक गॅलरी तिला कधीपासून बोलावत होती, तिथे तिने हो म्हणून टाकलं होतं.

"मी गॅलरी तुलाच देणार होते," नलिनी म्हणाली. "यांना विचार हवं तर. शो संपला की सांगणार होते."

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, चांगली स्पष्ट, होकाराची.

"मला गॅलरी नको होती, ताई. मला चित्र हवं होतं."

"मी परत काढते. तेच. तुझ्यासाठी."

"कधी काढाल?" केतकीने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, कारण उद्यापासून सकाळी खाली कोण बसणार, हे तिघांनाही दिसत होतं. मग तिने आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. तो मला अजिबात सहन झाला नाही. मी दिव्यांचं बटण बघायला आत गेलो.

सोमवारी सकाळी नलिनी शटरच्या किल्ल्या घेऊन जिना उतरत होती. मी तिला मधेच गाठलं.

"दे इकडे. खाली मी बसतो. तू वर जा."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. फोन उचलीन, फ्रेमवाल्याशी भांडेन, समोसे सांगीन. तू चित्र काढ. तू चित्रकार आहेस, नलू. आता तरी कळलं ना तुला?"

ती पायरीवर थांबली. वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, वांगं बघावं तसं.

"तुम्ही नवरा आहात," ती म्हणाली. "तुम्ही म्हणणारच."

मला संताप आला. जिन्यात उभं राहून ओरडावंसं वाटलं. जी नवरा नव्हती, नात्याची नव्हती, जिला आमच्याकडून काही उकळायचं नव्हतं, ती हेच म्हणून गेली होती, आणि तिला आम्ही दोघांनी मिळून इंदूरच्या बसमध्ये बसवलं होतं. आता हिला कोण सांगणार, आणि कोणी सांगितलेलं ही ऐकणार? आणि किल्ल्या अजून तिच्याच हातात होत्या.

खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. पुढच्या शोचे कॅनव्हास आले होते. नलिनीने पदर खोचला, उरलेल्या पायऱ्या उतरली आणि शटर वर केलं. टेम्पोवाल्याने विचारलं, "मैडम, कहाँ रखवाना है?" आणि ती त्याला जागा दाखवायला आत गेली.